मुंबईत घर घेताय? आधी पगाराची स्लिप काढा, जाहिरात नंतर बघा

माझा मावसभाऊ आणि त्याची बायको एका रविवारी घरी आले, हातात बिल्डरचं गुळगुळीत ब्रोशर, आणि दारातच म्हणाला, दादा उद्या टोकन भरायचंय, बघून घे ना एकदा. मी म्हटलं ब्रोशर ठेव बाजूला, दोघांच्या सॅलरी स्लिप काढा. तो अंधेरी एमआयडीसीत, ती परळला एका लॅबमध्ये, दोघांचे मिळून हातात ७० हजार येतात, कळव्यात १५ हजार भाडं भरतात आणि दहा लाख साठवलेत. मुंबईत हजारो मराठी घरांचं हेच गणित आहे, म्हणून त्या दिवशी टेबलावर बसून जे केलं तेच इथे लिहितोय, तुम्ही फक्त तुमचे आकडे टाका.

सगळ्यात आधी एक लक्षात घ्या, बँक सांगते "तुम्हाला एवढं लोन बसतं", ती तुमची ऐपत नसते. बँक हातातल्या पगाराच्या अर्ध्यापर्यंत ईएमआय धरते, कधी त्याहून जास्त, कारण तिला हप्ता वसूल झाल्याशी मतलब, आईचं दवाखान्याचं बिल आणि मुलाची फी तिच्या हिशोबात नसते. मी ३५ टक्क्यांच्या वर जाऊ नका म्हणतो. ७० हजारांचे ३५ टक्के म्हणजे साडेचोवीस हजार. आता साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर एक लाखाला महिना ८६८ रुपये हप्ता पडतो, हा आकडा पाठच करून ठेवा, म्हणजे साडेचोवीस हजारात साधारण २८ लाखांचं लोन बसतं. व्याज साडेनऊ झालं तर त्याच २८ लाखांचा हप्ता २४,३०० वरून २६,१०० वर जातो, आणि हप्ता वाढवला नाही तर बँक वर्षं वाढवते, म्हणून थोडी जागा ठेवा.

मग साठवलेले पैसे. दहा लाख आहेत म्हणून दहाचे दहा लाख घालायचे नाहीत. अडीच लाख अडीअडचणीसाठी बाजूला काढा आणि ते नाहीतच असं समजा. उरले साडेसात. यातून डाउन पेमेंट तर जातंच, पण स्टॅम्प ड्युटी पण यातूनच जाते, आणि इथेच भल्याभल्यांचं गणित फसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळतात, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याच्या वर ७५ टक्के, आणि स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन या किमतीत धरत नाहीत. मुंबईत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडे ७, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी, रजिस्ट्रेशन एक टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी, ४५ लाखांपर्यंतच्या आणि ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या (म्हणजे आतल्या वापरायच्या जागेच्या) घराला १ टक्का, बाकी ५. ओसी, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा पालिकेचा दाखला, मिळाल्यानंतर घेतलं तर जीएसटी नाही.

आमच्या टेबलावर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के धरून घराच्या किमतीचं उत्तर आलं ३२ लाख. २८ लोन, ४ स्वतःचे, ड्युटी २ लाख २४ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, जीएसटी ३२ हजार, उरतात चौसष्ट हजार, त्यात पंखे, ग्रिल, गिझर आणि टेम्पोचं भाडं. ब्रोकर असला तर तेवढेही उरत नाहीत.

ब्रोशरवरचा फ्लॅट कांदिवलीचा होता, एक बीएचके, एक कोटी वीस लाख. त्याला बँक ७५ टक्के देणार म्हणजे ९० लाख, हप्ता ७८ हजार. दोघांचा अख्खा पगार ७० हजार! वर ३० लाख आधी उभे करायचे ते वेगळेच. भावाची बायको कॅल्क्युलेटरकडे बघत बसली, मग हळूच म्हणाली, म्हणजे आम्ही दोघं महिनाभर राबलो तरी हप्तासुद्धा निघणार नाही. तसलाच फ्लॅट तिथे ३० हजार भाड्याने मिळतो. कुठलंही घर बघताना किमतीला तुमच्या दोघांच्या वर्षाच्या हातातल्या पगाराने भागून बघा. ३२ लाख म्हणजे यांच्या पगाराच्या पावणेचार पट, कांदिवलीचा फ्लॅट चौदा पट. पाच पटीच्या वर गेलं की माझा सरळ नकार असतो, जागा कितीही चांगली असो. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते, १९८२ चा संप झाला आणि सगळं गेलं, पण त्याआधी एका माणसाच्या पगारात लालबागच्या खोलीत आमचं सहा जणांचं घर चालायचं. आज दोन पगार आहेत आणि परळला ओसीवाली स्वतःची एक खोली होत नाही. पगार आणि किंमत यांची फारकत झालीय, यात तुमची काही चूक नाही, हे त्या मुलीला मी मुद्दाम सांगितलं कारण तिचा चेहरा पडला होता.

आता ३२ लाखांत कुठे? बदलापूर, वांगणी, नेरळ, टिटवाळा, नालासोपारा, विरार. टोकन द्यायच्या आधी एक काम करा, सोमवारी सकाळी त्या स्टेशनवरून खरोखर ऑफिसला जाऊन बघा, आणि दोघांनीही जा. रविवारी दुपारी बिल्डरच्या गाडीतून साइट बघितली तर सगळं जवळच वाटतं. शेअर रिक्षाची लाइन, गाडीत शिरायला मिळतं का, उतरल्यावर पुढचा प्रवास, संध्याकाळी परत, सगळं घड्याळ लावून. रोज तीन तास जास्त म्हणजे महिन्याला पंचाहत्तर तास, आणि ते बाईच्या झोपेतून जास्त जातात हे घराघरात दिसतं. तिथे राहणाऱ्यांना पाणी किती वेळ येतं आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का हेही विचारा, वॉचमन आणि खालचा किराणावाला खरं सांगतो.

साइटवर जाताना मेजरिंग टेप न्या. आम्ही बदलापूरजवळ एक सॅम्पल फ्लॅट बघितला, बेडरूम छान मोठी वाटली, भावाने पलंग मोजला तर लांबी पाच फूट आठ इंच! घरातला नेहमीचा पलंग सव्वासहा फुटांचा असतो. कपाटाची खोली सव्वा फूट, त्यात हँगर आडवा मावत नाही. आणि अख्ख्या फ्लॅटला आतून एकही दरवाजा नव्हता, म्हणून मोकळं वाटत होतं. कागदावर फक्त रेरा कार्पेट विचारा, म्हणजे रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याप्रमाणे मोजलेली घराच्या आतली जागा. आणि कॉस्ट शीट घरी घेऊन या, तिथे बसून सही नको. आम्हाला दिलेल्या शीटमध्ये वरती "फक्त ३१ लाख" आणि खाली बारीक अक्षरात फ्लोअर राइज, क्लब हाऊस, डेव्हलपमेंट चार्जेस, सोसायटी फॉर्मेशन, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, लीगल, असं सगळं मिळून चार लाख वीस हजार. मी प्रत्येक ओळीवर पेनने गोल केला आणि सेल्सवाल्याला म्हटलं सगळं धरून एकच आकडा लिहून द्या. जो देत नाही तिथून उठायचं.

कागदपत्रांचं सांगतो, इथे घाई करू नका. प्रोजेक्टचा रेरा नंबर महारेराच्या (रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) वेबसाइटवर टाकून बघा, ताबा कधीचा लिहिलाय, किती फ्लॅट विकलेत, केस आहेत का. पण नंबर आहे म्हणजे झालं असं नाही. डोंबिवलीत ६५ इमारती निघाल्या ज्यांनी पालिकेची खोटी परवानगी दाखवून रेरा नंबर मिळवला होता, हायकोर्टाने त्या पाडायचे आदेश दिले, आत राहणाऱ्यांनी लोन काढून घरं घेतलेली. नालासोपाऱ्यात राखीव जमिनीवरच्या ४१ इमारती २०२५ मध्ये पाडून झाल्या, हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. म्हणून सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) आणि ओसीची कॉपी घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन खात्री करा, आणि वकील स्वतःचा लावा, बिल्डरने सुचवलेला नको. सरकारी किंवा मोठी बँक त्या प्रोजेक्टला लोन देते का, आणि नाही म्हणत असेल तर का, हेही विचारून बघा. आणि करारनामा रजिस्टर केल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर एक रुपया घ्यायची बिल्डरला परवानगी नाही. मी स्वतः २०१४ मध्ये, रेराच्या आधी, एका बिल्डरला ५१ हजार टोकन दिलं, प्लॅन पासच झाला नव्हता, पैसे परत मिळायला अकरा महिने चकरा मारल्या, बायकोच्या बाळंतपणाला ठेवलेले होते ते.

दुसरा रस्ता म्हाडाचा, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या लॉटरीतल्या घरांचा, आणि माझ्या मते कमी पगारवाल्याने तो आधी धरावा. गट ठरतो नवरा-बायकोच्या मिळून वर्षाच्या उत्पन्नावर, मुंबईत ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम, वर उच्च. आपल्या गटाच्या वरच्यात अर्ज चालतो, खालच्यात नाही. २०२३ पासून कागद आधीच अपलोड करावे लागतात, म्हणून जाहिरात यायची वाट बघू नका, डोमिसाइल आजच काढायला टाका (म्हणजे महाराष्ट्रातल्या रहिवासाचा दाखला, पाच वर्षांच्या आतलं लागतं, वडिलांच्या ट्रंकेतलं चालत नाही), आयटीआर म्हणजे इन्कम टॅक्सचे रिटर्न दोघांचे भरलेले ठेवा. गावाकडे घर आहे म्हणून मुंबईच्या लॉटरीला अडत नाही. २०२४ ला मुंबईत २,०३० घरांना लाखाच्या वर अर्ज आले, तेव्हा एका लॉटरीवर आशा लावून बसू नका, म्हाडाच्याच कोकण मंडळाची लॉटरी पण भरा, त्यात खासगी बिल्डरच्या प्रोजेक्टमधली २० टक्के योजनेतली घरं असतात, बरेचदा स्टेशनच्या जवळची. त्यात मेंटेनन्स किती ते मात्र आधी विचारा. लॉटरी लागली नाही तर अर्जाबरोबर भरलेली अनामत परत मिळते. आणि "कोट्यातून घर काढून देतो" म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका, म्हाडाने एकही एजंट नेमलेला नाही.

वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल आणि भारतात कुठेच पक्कं घर तुमच्या, बायकोच्या किंवा लग्न न झालेल्या मुलांच्या नावावर नसेल तर पीएमएवाय २.० (पंतप्रधान आवास योजना) मधली व्याजाची सबसिडी बघा, घर ३५ लाखांपर्यंत, लोन २५ पर्यंत, मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही हप्त्याहप्त्याने. इन्कम टॅक्समध्ये किती वाचेल ते मात्र हिशोबात धरू नका, नव्या रिजिममध्ये राहत्या घराच्या व्याजाला सूट नाही.

आणि शेवटी ईएमआयची रंगीत तालीम. हप्ता २४,३००, मेंटेनन्स अडीच हजार, पास आणि रिक्षा दीड हजार, बेरीज २८,३००. आज भाडं १५ हजार जातं, म्हणजे फरक १३,३००. दर महिन्याच्या पाच तारखेला तेवढ्याची आरडी (बँकेतली दरमहाची ठेव) लावा, सहा महिने, मध्ये गणपती येऊ दे, लग्नकार्य येऊ दे, मोडायची नाही. जमलं तर घर झेपेल आणि ऐंशी हजार हातात आले. तिसऱ्या महिन्यात मोडावी लागली तर ईएमआय कमी धरून पुन्हा बसा.

भाऊ आणि त्याची बायको पुढच्या सोमवारी बदलापूरला गेले, सकाळी सव्वासातची गाडी. त्याला घाटकोपरला उतरून मेट्रो, तिला दादरला उतरून परळ. रात्री नऊला तिचा फोन आला, दादा, टोकन नाही भरलं, कळव्यातच राहतो अजून दोन वर्षं, आरडी चालू केली आणि डोमिसाइलचा फॉर्म टाकला, आयटीआरमध्ये माझं नाव आधार कार्डासारखं नाहीये ते कुठे दुरुस्त करायचं सांगा.