लिनक्सवर गेमिंग आणि ड्युअल बूट: या चुका टाळा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांच्या पीसीवर विंडोज ११ बसत नाही, असे बरेच गेमर त्यानंतर लिनक्सकडे वळताहेत. स्टीम हे गेम स्टोअर चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमुळे (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) स्टीमवरचे बहुतेक सिंगल-प्लेअर गेम आता फारशी खटपट न करता सुरू होतात. घोळ होतो तो लिनक्स टाकण्याआधी विंडोजमध्ये करायची कामं राहून गेल्यामुळे.

आधी गेमची यादी, मग पेन ड्राइव्ह

व्हॅलोरंट, लीग ऑफ लेजेंड्स, फोर्टनाइट, पबजी, बॅटलफील्ड ६ यांपैकी एकही लिनक्सवर चालत नाही. एपेक्स लेजेंड्स चालायचा, पण ऑक्टोबर २०२४ अखेर तोही बंद झाला. जीटीए ५ ची स्टोरी चालते. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट (फसवेगिरी रोखणारं सॉफ्टवेअर) लागल्यापासून अधिकृत सर्व्हरवर शिरता येत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय दोन्हींत २०२१ पासून लिनक्सची सोय आहे, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. तुम्ही प्रोटॉनची कितीही व्हर्जन बदललीत तरी काही फरक पडणार नाही. व्हर्च्युअल मशीनमधून (लिनक्सच्या आत विंडोज चालवून) पळवाट काढायला गेलात तर अकाउंटच बॅन व्हायचं. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र थेट लिनक्ससाठी बनलेले आहेत. बाकी गेमसाठी, कोणता गेम लिनक्सवर कसा चालतो हे खेळाडू जिथे नोंदवतात त्या प्रोटॉनडीबी साइटवर नुसतं 'गोल्ड' किंवा 'प्लॅटिनम' बघून थांबू नका. आपलंच ग्राफिक्स कार्ड असलेल्यांनी गेल्या दोन-तीन महिन्यांत काय लिहिलंय, ते वाचा.

ड्युअल बूट करणाऱ्यांची, म्हणजे एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांची, आणखी एक गोची आहे. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला आणि बॅटलफील्ड ६ ला सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू लागतं, आणि लिनक्सच्या जुन्या गाइडमध्ये पहिली ओळ असते 'सिक्युअर बूट बंद करा'. हे गेम सोडायचे नसतील, तर सिक्युअर बूट चालू असताना बूट होणारा डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) घ्या. उबुंटू, फेडोरा, मिंट यांना अडचण नाही. आर्च आणि कॅशीओएसमध्ये सिक्युअर बूटच्या सहीच्या किल्ल्या स्वतः बनवाव्या लागतात. पहिल्याच खेपेला त्या वाटेला जाऊ नये. आणि काली लिनक्स गेमिंगसाठी नाही, तो सिक्युरिटी टेस्टिंगसाठी आहे.

विंडोज 'शट डाउन' केलं म्हणजे बंद झालं, असं समजणं

सगळ्यात जास्त त्रास यातून होतो. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन दाबल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही. कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर साठवून ते अर्धवट झोपतं आणि एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला) ड्राइव्ह 'वापरात' असल्याची खूण तशीच राहते. मग लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं, नाहीतर उघडतच नाही. काही वायफाय कार्डंही यामुळेच लिनक्समध्ये गायब दिसतात.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही लिंक, आणि खालच्या 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर पुन्हा एकदा बघा, ती खूण परत आलेली असू शकते. ड्राइव्ह आधीच अडकला असेल तर लिनक्समधून जबरदस्तीने उघडू नका. विंडोजमध्ये जाऊन 'रीस्टार्ट' करा. रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर बंद होतं.

दुसरं काम बिटलॉकरचं, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं. विंडोज ११ च्या २४एच२ पासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नवीन इन्स्टॉल केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट होते, मालकाला पत्ताही नसतो. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट किंवा बूटचा क्रम बदलला की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागून बसतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आधीच कागदावर उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही. एन्क्रिप्शन काढायचं असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन इथून बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत पार्टिशनला (डिस्कच्या भागांना) हात लावू नका.

इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. बायोसमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या पद्धती) चालू असतं, ते एएचसीआय (सर्वसाधारण पद्धत) करावं लागतं. पण थेट बदललंत तर विंडोज निळ्या स्क्रीनवर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत अडकतं. आधी विंडोजच्या सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये बूट टॅबवर 'सेफ बूट, मिनिमल' निवडा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये बदल करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग ती खूण काढा.

डिस्क

दुसरी एसएसडी घेणं परवडत असेल तर तोच उत्तम उपाय. डेस्कटॉपवर लिनक्स टाकताना विंडोजची एसएसडी काढूनच ठेवा, म्हणजे बूटलोडर (ओएस सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) चुकून तिच्यावर जाणार नाही. एकाच एसएसडीवर भागवायचं असेल तर विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा आणि मोकळी जागा फॉरमॅट न करता तशीच सोडा. विंडोजचं ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल ठेवायचं) बहुधा १०० एमबीचं असतं. कर्नल तिथेच ठेवणाऱ्या पॉप ओएससारख्या डिस्ट्रोला ते पुरत नाही. लिनक्ससाठी १ जीबीचं वेगळं करा. स्टीमओएसच्या रिकव्हरी इमेजचा रीइमेज पर्याय अख्खी डिस्क पुसतो, ड्युअल बूटवाल्यांनी त्यापासून लांबच राहावं.

विंडोजचीच गेम लायब्ररी लिनक्समध्ये वापरणं

डी ड्राइव्हवर ३०० जीबीचे गेम पडलेत, तेच इथे वापरू, हा मोह सगळ्यांना होतो. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी 'कॉम्पॅटडेटा' फोल्डरमध्ये एक छोटं विंडोज उभं करतो. त्यात सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइल-फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) असतात आणि नावात कोलन असलेल्या फाइल असतात. विंडोजला असं नाव चालत नाही. परिणाम असा की प्ले दाबल्यावर बटण क्षणभर बदलतं आणि पुन्हा 'प्ले' होतं, कुठलाही एरर दिसत नाही. नंतर विंडोजने चेकडिस्क चालवलं की उरलेलंही बिघडतं.

लायब्ररी ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवरच ठेवा. सगळं पुन्हा डाउनलोड करायची मात्र गरज नाही. जुन्या ड्राइव्हवरच्या 'स्टीमअॅप्स'मधल्या 'कॉमन'मधून गेमचा फोल्डर नव्या लायब्ररीच्या 'कॉमन'मध्ये कॉपी करा आणि मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. स्टीम आधीच्या फाइल ओळखून फरकापुरतंच डाउनलोड करतो. फोल्डरच्या नावात लहान-मोठं अक्षरसुद्धा बदलता कामा नये.

एनव्हिडिया

सिक्युअर बूट चालू असताना उबुंटू एनव्हिडिया ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतो. पुढच्या बूटला निळा एमओके स्क्रीन (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायचा) येतो आणि काही सेकंदांत निघून जातो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. चुकलात तर ड्रायव्हर लोडच होत नाही आणि गेम स्लाइड शोसारखा चालतो.

जीटी ७१० सारख्या केपलर पिढीच्या कार्डांना व्हल्कन १.३ (प्रोटॉन ग्राफिक्ससाठी वापरतो ती प्रणाली) नाही, त्यामुळे आजच्या प्रोटॉनमध्ये डायरेक्टएक्स ११ चे गेम त्यांच्यावर अडतात. ड्रायव्हर बदलून हे सुटत नाही. जीटीएक्स १० मालिकेसाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर शाखा आहे, तिच्यावरच थांबा. लॅपटॉपवर मँगोहड (गेमवर माहिती दाखवणारं टूल) लावून गेम नक्की कोणत्या चिपवर चालतोय ते बघा. इंटेल दिसत असेल तर स्टीमच्या आयकॉनवर राइट-क्लिक करून तो डिस्क्रीट ग्राफिक्स कार्डवर सुरू करा.

मेनू आणि घड्याळ

पीसी सुरू होतानाच्या मेनूतून विंडोज गायब झालं तर ते बहुधा पुसलं गेलेलं नसतं. ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरच्या २०२१ च्या २.०६ व्हर्जनपासून दुसऱ्या ओएस शोधणारा 'ओएस प्रोबर' मुळातच बंद असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये तो चालू करून मेनू नव्याने बनवा. उलट लिनक्स गायब झालं तर बायोसमध्ये बूटचा क्रम बघा, विंडोज अपडेट स्वतःला वर नेऊन ठेवतं.

लिनक्समधून परत आल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जातं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. वेळ चुकली की वेबसाइटची सर्टिफिकेट नाकारली जातात आणि लॉगिन अडतं. एकच डिस्ट्रो असेल तर लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणं सोपं पडतं.

तरीही गेम सुरू होत नसेल तर

गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी टॅबवर आधी प्रोटॉन एक्स्पेरिमेंटल, मग एखादं जुनं व्हर्जन लावून बघा. मधले व्हिडिओ रंगीत पट्ट्यांसारखे दिसत असतील तर प्रोटॉनअप-क्यूटी या टूलमधून जीई-प्रोटॉन (प्रोटॉनचं सुधारलेलं रूप) टाका. शेवटचा उपाय म्हणजे त्या गेमचा कॉम्पॅटडेटा फोल्डर काढून टाकणं. क्लाउड सेव्ह नसलेल्या गेमची सगळी प्रगती त्याच फोल्डरमध्ये, 'स्टीमयुझर'च्या डॉक्युमेंट्स किंवा अॅपडेटामध्ये असते. ती आधी दुसरीकडे कॉपी करा.