छिद्र नाही, डिंक नाही: तांब्याच्या तारेत अकीक कसा बांधावा

पॉलिश केलेला अकिकाचा खडा हातात आला की तो गळ्यात घालायचा कसा, हा पहिला प्रश्न पडतो. त्याला छिद्र नसतं. घरी पाडायचं तर हिऱ्याच्या टोकाचं ड्रिल लागतं, सतत पाणी सोडावं लागतं आणि तरीही खडा तडकायची भीती असतेच. मागे कडी चिकटवली तर घाम आणि साबणाने ती कधीतरी सुटते. सोनाराकडून कोंदण करून घेणं हा उत्तम मार्ग, पण मग ते काम आपल्या हातचं राहत नाही.

उरते तार. आपल्याकडे हे काही नवं नाही. घरी नथ गुंफणाऱ्या बायका बारीक तारेत मोती ओवून, वेढे देऊन, शेवटचं टोक आत दडवून नेमकं हेच करतात. फरक इतकाच की मोत्याला छिद्र असतं आणि आपल्या खड्याला बाहेरूनच धरावं लागतं.

माझं पहिलं पेंडंट मी एका मैत्रिणीला दिलं होतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी घातलं आणि भर लग्नात खडा निसटून पडला. तार मी खूप आवळली होती, तरी पडला. कारण नंतर कळलं: तार खड्याला आवळून धरत नाही, ती त्याची वाट अडवते. खडा पुढून, मागून, वरून, खालून कुठूनच बाहेर येऊ शकणार नाही अशी चौकट केली, की तार सैल वाटली तरी खडा जागचा हलत नाही. पुढची सगळी कृती या एका गोष्टीसाठी आहे.

खडा कोणता घ्यावा

सुरुवातीला लंबगोल अकीक घ्या, साधारण ३० × ४० मिलिमीटरचा, ५-६ मिलिमीटर जाड, मागून सपाट आणि पुढून घुमटासारखा फुगीर. हा आकार सोपा आहे, कारण त्याला स्पष्ट कड असते आणि तार त्या कडेवर बसते. नुसता गुळगुळीत गोटा दिसायला साधा असला तरी बांधायला अवघड, तो सगळीकडून निसटतो. चार-पाच पेंडंट झाल्यावर त्याच्याकडे वळा.

अकिकाचा आग्रह आणखी एका कारणासाठी. त्याचा कठीणपणा मोह्‌सच्या मोजपट्टीवर ६.५ ते ७ आहे, तांब्याचा ३ च्या आसपास. त्यामुळे तार कितीही घासली तरी खड्यावर ओरखडा उठत नाही. फ्लोराइट ४ वर आहे, त्याच्याशी फार जपून वागावं लागतं. जळगाव-नाशिककडचे अपोफिलाइट, स्टिल्बाइट किंवा पुण्याजवळच्या वाघोलीचा निळा कॅव्हान्साइट या खनिजांचा मोह मला समजतो, पण त्यांना तार लावू नका. ते ठिसूळ असतात, सहज फुटतात. त्यांची जागा कपाटात आहे, गळ्यात नाही.

बाजारात मिळणारा बराचसा अकीक गुजरातेत खंभातला पैलू पाडून, घासून आलेला असतो. मूळ दगड बहुतेक दख्खनच्या बेसाल्टमधलाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका झिरपत गेली आणि थरावर थर साचले. तेच आपल्याला पट्ट्यांच्या रूपात दिसतात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वर्णनात पैठणहून असे दगड गाड्यांतून भडोचला जात असल्याची नोंद आहे. मला हा खडा हातात घेताना त्या वाटेची आठवण होतेच.

विकत घेताना खडा दिव्यासमोर धरून भेग आहे का पाहा आणि कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे टवका गेलेला असतो. गडद निळा, गुलाबी, पोपटी अकीक बहुधा रंगवलेला असतो. त्यात वाईट काही नाही, पण विकणाऱ्याने ते सांगायला हवं.

तार

गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, आणि या शब्दाने फार गोंधळ होतो. मोटर वाइंडिंगच्या दुकानात ब्रिटिश गेज चालतं, ऑनलाइन हस्तकलेच्या दुकानांत बहुधा अमेरिकन. एकाच २० नंबरची तार पहिल्यात ०.९१ मिलिमीटर, दुसऱ्यात ०.८१. म्हणून नंबर सोडा आणि मिलिमीटर विचारा. चौकटीसाठी ०.८ मिलिमीटर, वेढ्यांसाठी ०.३५ ते ०.४.

वाइंडिंगची तार वजनावर मिळते, स्वस्त पडते, सरावाला उत्तम आहे. तिच्यावर वार्निशचा थर असतो, त्यामुळे ती लवकर काळवंडत नाही. मात्र ती कधीही गॅसवर तापवू नका. वार्निश जळून घातक धूर होतो. कोरी तांब्याची तार मिळाली तर तीच घ्या. चांदीची तार पहिल्या दहा पेंडंटपर्यंत बाजूला ठेवा.

तांब्याचा स्वभाव ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. नवी तार लोण्यासारखी वळते. तीच दोन-तीनदा उलटसुलट वाकवली की ताठ होते आणि पुढे एका जागी मोडते. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर मठाराचे ठोके देतात तेव्हा नक्षी उमटते आणि तांबं कडकही होतं, त्याच कारणाने. हा गुण आपल्याला हवा आहे, पण शेवटी. तार एकदा वाकवल्यावर सरळ करून पुन्हा वाकवायची वेळ येऊ नये, म्हणून आधी बघायचं, मोजायचं, खूण करायची आणि मगच बोट लावायचं. कोरी तार फारच कडक झाली तर चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. ती पुन्हा नरम होते.

हत्यारं थोडी लागतात: गोल चोचीची पक्कड, चपट्या चोचीची पक्कड, कटर, बारीक कानस, पट्टी आणि मार्कर. चपट्या पक्कडीच्या आतल्या बाजूला दाते असतील तर त्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर तारेवर चावे उमटतात. कापताना तारेचा तुटणारा तुकडा बोटांत धरून ठेवा. तो डोळ्याच्या दिशेनेही उडतो, तेव्हा चष्मा लावा.

चौकट बांधणं

खड्याच्या कडेभोवती दोरा फिरवून घेर मोजा. आपल्या खड्याचा तो ११ सेंटिमीटर येतो. वर कडी आणि वेलबुट्टीसाठी आणखी १४ सेंटिमीटर धरा. म्हणजे ०.८ मिलिमीटरच्या तीन तारा, प्रत्येकी २५ सेंटिमीटर. त्या एका बाजूने फडक्यात धरून दोन-तीनदा ओढा म्हणजे सरळ होतात. खडा ७ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर चार तारा घ्या.

तिन्ही तारा शेजारी-शेजारी सपाट ठेवा, पट्टीसारख्या, आणि टोकांना चिकटपट्टी लावा. बरोबर मध्यावर मार्करने खूण करा. तिथून दोन्हीकडे २५ मिलिमीटरवर एकेक खूण. आता १५ सेंटिमीटर बारीक तार घेऊन मधल्या खुणेवर सहा-सात वेढे द्या, एकाला एक चिकटून. बाजूच्या दोन खुणांवर पाच-पाच पुरेत. वेढे देताना तारा एकमेकींवर चढतात. तसं झालं तर तिथेच थांबून वेढा सोडवा, पुढे जाऊन ते दुरुस्त होत नाही. बारीक तारेची दोन्ही टोकं खड्याकडे येणाऱ्या बाजूला कापा आणि पक्कडीने दाबून सपाट करा. बाहेर राहिलेलं टोक साडीचा पदर ओढतं.

मधल्या खुणेवरचे वेढे, म्हणजे मधला बांध, खड्याच्या खालच्या टोकाला टेकवा आणि दोन्ही अंगठ्यांनी पट्टी कडेभोवती वर नेत जा. पक्कड नको, अंगठेच हवेत. तार कडेला चिकटून वर आली पाहिजे. वर दोन्ही बाजू जिथे भेटतात तिथे खूण करा, खडा बाजूला काढा आणि चपट्या पक्कडीने दोन्हीकडच्या तिन्ही तारा सरळ वर वळवा. आता आपल्याजवळ माठाच्या आकाराची, मान असलेली चौकट आहे.

खडा काढलेलाच असू द्या. बांधांच्या मधल्या जागांमध्ये मागची तार, म्हणजे तिन्हींतली खड्याच्या सपाट बाजूची, पक्कडीने पकडून आत, मध्याकडे थोडी ओढा. अशा चार जागा मिळतात, दोन खाली, दोन वर. २-३ मिलिमीटर आत आल्या की पुरे. ही मागची फळी झाली, खडा हिच्यावर टेकतो. मग पुढून खडा बसवा, मान जुळवा आणि बारीक तारेने मानेवर पाच घट्ट वेढे द्या.

उरली पुढची तार. इथे घाई केली की सगळं बिघडतं. त्याच चार जागांमध्ये पुढची तार खड्याच्या फुगीर भागावर ओढायची, पण थोडी-थोडी, समोरासमोर: खाली डावीकडे, मग वर उजवीकडे, मग खाली उजवीकडे, मग वर डावीकडे. एकच बाजू पूर्ण ओढली तर खडा तिरका बसतो. ओढलेली तार आइसक्रीमच्या काडीने दाबून खड्याला टेकवा. जास्त आत आणू नका, खड्याचे पट्टे झाकले गेले तर हे सगळं कशासाठी?

आता पेंडंट कानाशी धरून हलवा. टक-टक ऐकू आली तर कुठेतरी जागा आहे. अख्खी चौकट आवळू नका. जिथे सैल वाटतं तिथे मागची तार चपट्या पक्कडीच्या टोकात धरून मनगट किंचित फिरवा. तारेला छोटी नागमोड पडते आणि तेवढी ती आखडते. असे एक-दोन पीळ दिले की आवाज थांबतो.

कडी आणि टोकं

मानेवर सहा टोकं उभी आहेत. मधल्या तारेची दोन शेजारी-शेजारी वर न्या, आडव्या धरलेल्या ५ मिलिमीटर जाडीच्या विणायच्या सुईवरून मागे वळवा, खाली आणा आणि मानेभोवती दोन वेढे देऊन मागच्या बाजूला कापा. ही कडी. करण्याआधी आपल्या साखळीचं हूक त्यातून जातं का ते पाहा, नाहीतर जाड सुई घ्या. मागच्या तारेची दोन टोकं मानेभोवती एकेक वेढा देऊन तिथेच संपवा.

पुढच्या दोन टोकांचं काय करायचं हे तुमचं. मी गोल पक्कडीने टोकाला बारीक कडं करून, मग चपट्या पक्कडीत धरून चकलीसारखं गोल-गोल फिरवते आणि ती चकली खड्याच्या खांद्यावर टेकवते. एक मोठी, एक लहान ठेवली तर डोळ्याला जास्त बरं वाटतं. कापलेलं प्रत्येक टोक कानशीने घासून गोल करा आणि पेंडंट जुन्या ओढणीवरून सगळीकडून फिरवा. धागा अडकला की तिथे परत कानस.

तांब्याला जुनाट छटा हवी असेल तर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून त्याच्यासोबत पेंडंट बंद डब्यात ठेवा, बलकाला न टेकवता. त्यातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूने काही तासांत कोरी तार काळपट होते. मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने उंचवटे हलके घासले की वेढ्यांच्या खाचा गडद राहतात आणि वरचा भाग लाल चमकतो. चिंचेने किंवा लिंबू-मिठाने तांबं परत उजळतं आणि अकिकाला त्याने काही होत नाही. मात्र मोती, पोवळं, मॅलाकाइट किंवा फिरोजा असेल तर आंबट अजिबात लावू नका, त्यांचं पॉलिश जातं.

कुणाला भेट द्यायची असेल तर आधी आठवडाभर स्वतः घालून फिरा. बसमध्ये, स्वयंपाकघरात, झोपाळ्यावर. त्या आठवड्यात तार जागेवर बसते आणि कुठे सैल पडायचं असेल तर तेव्हाच पडतं. मग पुन्हा कानाशी धरून हलवा, लागलीच तर एखादी नागमोड वाढवा आणि डबीत घाला.