रोजचे छोटे आनंद निसटू नयेत म्हणून काय करावे

१९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम लागलेल्या २२ जणांची तुलना लॉटरी न लागलेल्या लोकांशी केली. लॉटरी लागलेले लोक इतरांपेक्षा फारसे अधिक सुखी आढळले नाहीत, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष पुष्कळदा सांगितला जातो. परंतु त्याच अभ्यासातील दुसरी बाब आपल्या अधिक कामाची आहे. मित्राशी गप्पा मारणे, एखादा विनोद ऐकणे, मासिक वाचणे, कोणी कौतुक करणे अशा साध्या गोष्टींतून किती आनंद मिळतो असे विचारले असता, लॉटरी लागलेल्यांनी तो इतरांपेक्षा कमी असल्याचे सांगितले. अभ्यास लहान होता, तेव्हा त्यावर फार मोठा इमला रचू नये. तरीही मोठे सुख वाट्याला आले की छोट्या सुखांची गोडी कमी होऊ शकते, हे त्यातून लक्षात येते.

माणसाचे मन चांगल्या गोष्टीला फार लवकर सरावते. नवी वस्तू, नवे घर, वाढलेला पगार यांचे अप्रूप काही दिवसांत ओसरते आणि मन पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येते. एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये असे मांडले की, माणूस किती सुखी आहे हे ठरवताना आनंद किती तीव्र होता यापेक्षा तो किती वेळा वाट्याला आला याला अधिक महत्त्व द्यावे लागते. हे मान्य केले तर वर्षातून एखाद्या वेळी येणाऱ्या मोठ्या प्रसंगापेक्षा दिवसातून दहा वेळा येणाऱ्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींकडे लक्ष देणे शहाणपणाचे ठरते. त्या कशा ओळखाव्यात, कशा अनुभवाव्यात आणि सवयीने त्यांची धार बोथट होऊ नये म्हणून काय करावे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे.

पहिले काम म्हणजे स्वतःचे छोटे आनंद कोणते हे शोधून काढणे. ते बसल्या जागी आठवून करू नये. आठवायला बसले की सूर्यास्त, पाऊस, जुनी गाणी अशी सर्वांनाच ठाऊक असलेली, थोडीशी शोभेची यादी तयार होते आणि तीत आपले स्वतःचे फार थोडे असते. त्याऐवजी आठवडाभर खिशात एक चिटोरा बाळगावा आणि ज्या क्षणी मनाला बरे वाटले त्याच क्षणी, किंवा त्यानंतर जमेल तितक्या लवकर, दोन-चार शब्द खरडून ठेवावेत. हे शब्द नेमके असावेत. ‘घरी परतल्याचा आनंद’ असे लिहिल्याने फारसे काही हाती लागत नाही. परंतु दिवसभर पायात असलेले घट्ट बूट काढले, मोज्याच्या रबराचा लालसर वळ घोट्याच्या वर उमटलेला दिसला, तिथे खाजवताना विलक्षण बरे वाटले आणि गार फरशीवर पाऊल टेकताच दबलेली बोटे आपोआप फाकली, असे लिहिले तर आनंद नेमका कशात होता ते कळते. तो घरात नव्हता, पायाच्या बोटांत होता. आणि तसे असेल तर त्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबण्याचेही कारण नाही, दुपारी मेजाखाली पाच मिनिटे बूट काढून बसले तरी चालते.

या नोंदींत प्रतिष्ठित नसलेल्या आनंदांनाही जागा द्यावी. कानाशी सतत चाललेली एखाद्या यंत्राची घरघर एकदम थांबणे, हरवली म्हणून नाद सोडलेली किल्ली जुन्या पिशवीच्या कप्प्यात सापडणे, उशी उलटी केल्यावर तिची थंड बाजू गालाला लागणे, यांत उदात्त असे काहीच नाही. ठरलेली बैठक आयत्या वेळी रद्द झाल्याचा आनंद तर चारचौघांत कबूलही करता येत नाही, परंतु तो अस्सल असतो आणि आपला दिवस किती गच्च भरलेला आहे हेही तो सांगून जातो. असे सुटकेचे आनंद यादीत फारच झाले, तर छोट्या सुखांच्या मागे लागण्याआधी कामाचा पसारा आवरता येतो का, हे पाहणे अधिक उपयोगाचे होईल.

यादी तयार झाली की दुसरे काम लक्ष देण्याचे. २०१० मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढ व्यक्तींना मोबाइलवरून दिवसभरात अधूनमधून, तुम्ही आत्ता काय करत आहात आणि तुमचे मन कुठे आहे, असे विचारण्यात आले. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते आणि मन भटकत असताना लोक कमी सुखी होते. मन सुखद गोष्टींकडे भटकले असले तरी हातातल्या कामात रमलेल्यांपेक्षा अधिक सुख पदरात पडत नव्हते. म्हणून यादीतील रोज हमखास घडणारी एकच गोष्ट निवडावी आणि ती घडत असताना अर्धा मिनिट दुसरे काहीही करू नये. आंघोळीचे पहिले तांब्याभर पाणी अंगावर घेताना डोक्यात दिवसभराच्या कामांची जुळवाजुळव चालू असेल, तर ते पाणी अंगावरून वाहून जाते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. स्पर्श, आवाज, वास, रंग यांपैकी एका वेळी एकाकडेच लक्ष द्यावे; सर्व ज्ञानेंद्रिये एकदम जागी करण्याचा खटाटोप केला की अनुभवाचा अभ्यासवर्ग होतो. छायाचित्र काढण्यात गैर काही नाही, किंबहुना चौकट शोधताना आपण अधिक बारकाईने पाहतो. परंतु ते काढून झाल्यावर तिथेच उभे राहून ते सुधारणे, पाठवणे आणि उत्तराची वाट पाहणे हे मात्र नंतरसाठी ठेवावे.

लक्ष देण्याला थोड्या माहितीची जोड मिळाली तर साधी गोष्टही अधिक खुलते. मृद्गंधाचेच उदाहरण घेऊ. कोरड्या दिवसांत वनस्पतींतून निघणारी काही तेले माती आणि दगडांत मुरतात आणि पहिल्या पावसाच्या वासात ती असतात, हे ऑस्ट्रेलियातील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये मांडले. मातीतील स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जीवाणू जिओस्मिन नावाचे जे संयुग तयार करतात, तेही या वासात असते आणि मानवी नाकाला त्याचा मागमूसही पुरतो. २०१५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांच्या साहाय्याने असे टिपले की, सच्छिद्र पृष्ठभागावर थेंब आदळला की त्याच्याखाली हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात, ते थेंबातून वर येऊन फुटतात आणि अतिसूक्ष्म तुषार हवेत उडवतात. मुसळधार पावसापेक्षा हलक्या आणि मध्यम पावसात हे अधिक घडते. यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. वास घ्यायचा असेल तर पाऊस चांगला लागेपर्यंत थांबू नये, पहिले तुरळक थेंब पडू लागताच खिडकी उघडावी. तसेच नाक कोणत्याही वासाला काही मिनिटांतच सरावते, त्यामुळे वास गेला असे वाटले तर आत जाऊन थोड्या वेळाने परत यावे. बहुतेक वेळा तो तिथेच असतो, थकलेले असते ते नाक.

नाकाला जे घडते तेच मनालाही घडते, आणि म्हणून तिसरे काम म्हणजे आनंदात खंड पाडणे. लीफ नेल्सन आणि टॉम मेव्हिस यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मालिश चालू असताना मध्ये थोडी विश्रांती दिली तर लोकांना ते सलग मालिशपेक्षा अधिक सुखद वाटले. उलट त्रासदायक आवाज ऐकताना मध्ये खंड पडला तर तो आवाज अधिकच नकोसा झाला. लोकांचा स्वतःचा अंदाज मात्र नेमका याच्या विरुद्ध होता. आवडीचे पुस्तक म्हणूनच एका बैठकीत संपवण्याची घाई करू नये, आणि कंटाळवाणे काम तुकड्यातुकड्यांत न करता एकदाच उरकून टाकावे. आवडते गाणे गजराला लावू नये, हे तर आवर्जून सांगावेसे वाटते, कारण त्याने गजर गोड होत नाही, गाणे मात्र कायमचे नासते. एखाद्या आनंदाचे आता काही वाटेनासे झाले असेल तर त्याला यादीतून काढण्यापूर्वी पंधरा दिवस बाजूला ठेवून पाहावे.

माणसांकडून मिळणाऱ्या छोट्या आनंदांविषयी आपले अंदाज असेच चुकतात. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो परिसरातील रेल्वेप्रवाशांना शेजारच्या अनोळखी व्यक्तीशी बोलण्यास सांगितले होते. असा प्रवास कमी सुखाचा होईल असे इतर प्रवाशांना वाटत होते; प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा अधिक सुखाचा झाला. अर्थात समोरच्याने कानाला काही लावले असेल किंवा डोळे मिटले असतील तर त्याला तसेच राहू द्यावे. बोलण्याची सवय नसलेल्यांनी सुरुवात आभारांपासून करावी. एप्ली यांनीच अमित कुमार यांच्यासह २०१८ मध्ये दाखवले की कृतज्ञतेचे पत्र लिहिणारे लोक, पत्र मिळणाऱ्याला होणारा आनंद कमी धरतात आणि त्याला वाटणारा संकोच जास्त धरतात. शब्द सुंदर सुचत नाहीत म्हणून आपण पत्र लांबणीवर टाकतो, परंतु पत्र मिळणारा माणूस भाषा तपासत बसत नाही. त्याने काय केले, केव्हा केले आणि त्याचा आपल्याला काय उपयोग झाला, ही तीन वाक्ये पुरेशी आहेत.

चिटोऱ्याचा पहिला आठवडा संपल्यावर अशा आनंदांची नोंदवही रोज लिहावी की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतात. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांच्या २००३ च्या अभ्यासात दहा आठवडे, आठवड्यातून एकदा आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपले आयुष्य एकंदरीत अधिक समाधानकारक वाटले. त्यांची तुलना आपल्या कटकटी लिहिणाऱ्यांशी केलेली होती. आठवड्यातून एकदा पुरे, असे माझे मत आहे. रोजचा नेम धरला की चौथ्या-पाचव्या दिवशी ‘हवा छान होती’ हेच वाक्य फिरून येऊ लागते आणि वही गृहपाठासारखी भरली जाते.

या साऱ्याची मर्यादाही स्पष्ट असावी. पुरेशी झोप, वेळेवर मिळणारा मोबदला किंवा घरातली सुरक्षितता नसलेल्या माणसाला थंड उशीचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे आहे. तसेच पूर्वी आवडणाऱ्या जवळजवळ सर्वच गोष्टींतील रस दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, बहुतेक दिवस नाहीसा झाला असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी यादी नीट केली नाही म्हणून स्वतःला दोष देत बसू नये, डॉक्टरांना भेटावे.

राहता राहिली जुन्या नोंदी वाचण्याची बाब. टिंग झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांकडून नुकतेच झालेले संभाषण, अलीकडे ऐकलेली गाणी अशा साध्या गोष्टी लिहून घेऊन तो मजकूर तीन महिन्यांनी त्यांच्यासमोर ठेवला. तो वाचताना आपल्याला किती कुतूहल वाटेल याचा विद्यार्थ्यांचा आधीचा अंदाज फार कमी ठरला. विशेष प्रसंग तसेही लक्षात राहतात. विसरला जातो तो साधा दिवस, आणि म्हणून तोच वाचताना अधिक मौज येते. त्यासाठी वहीच्या मुखपृष्ठावर तीन महिन्यांनंतरची तारीख घालून ठेवावी, तोपर्यंत मागची पाने चाळू नयेत, आणि ज्या आठवड्यात लिहिण्यासारखे काहीच घडले नाही असे वाटेल त्या आठवड्यात कोणाशी काय बोलणे झाले, कशावरून हसू आले आणि कुठे खोळंबून राहावे लागले, एवढे तरी लिहावे.