उन्हाळ्यातील शेततळे : पाणी आटण्याआधी मासे काढावेत

विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात ज्या शेतकऱ्यांनी पावसाळ्यात शेततळ्यात कटला, रोहू आणि मृगळाची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली, त्यांचे मासे एप्रिलपर्यंत बऱ्यापैकी वाढलेले असतात आणि नेमके त्याच वेळी संत्रा, मोसंबी किंवा डाळिंबाच्या बागेसाठी तळ्यातला उपसाही वाढतो. आणखी महिनाभर थांबलो तर वजन वाढेल, या आशेने अनेक जण मे संपत आला तरी जाळे टाकत नाहीत. आमचा सल्ला याच्या उलट आहे. पाणी जसजसे खाली जाईल तसतसे मासेही कमी करत जावे, आणि सगळे मासे एकदम काढण्याची वेळ स्वतःवर येऊ देऊ नये.

३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडून गेले, तर नुसत्या बाष्पीभवनानेच रोज ९,००० लिटर पाणी कमी होते, आणि बागेचा उपसा वेगळाच. अशा तळ्यात सरासरी ८०० ग्रॅमचे ५०० मासे असतील तर तो ४०० किलोचा भार झाला. पाणी निम्मे झाले की तोच भार निम्म्या पाण्यावर पडतो. त्यातच २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅमच. पाणी तापले की माशाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी मावतो, म्हणून उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी ओढ बसते.

यासाठी तळ्यात एक बांबू उभा करून त्यावर पाच फुटांची खूण रंगवून ठेवावी. पाणी या खुणेपर्यंत आले की मोठे मासे काढायला सुरुवात करावी आणि त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी थोडे थोडे काढत राहावे. बाजारात एकदम माल गेला की भाव पडतो, त्या दृष्टीनेही ही पद्धत सोयीची आहे. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी करण्यास बंदी असते आणि तेव्हा गोड्या पाण्यातील मासळीला मागणी येते. ज्यांच्याकडे विहिरीचे खात्रीचे पाणी आहे त्यांनी काही मासे तोपर्यंत राखण्यास हरकत नाही, मात्र इतरांनी त्या भावाच्या भरवशावर राहू नये.

जाळे कधी ओढावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. व्यापाऱ्याला पहाटेचा माल हवा असतो, पण पाण्यात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तोही पहाटेच, कारण रात्रभर शेवाळ आणि मासे दोघेही तो वापरत असतात. म्हणून आधी काठावर उभे राहून पाहावे. कटला तोंड वर काढून पृष्ठभागावर हवा घेत असेल आणि टाळी वाजवली किंवा खडा टाकला की लगेच खाली जात असेल, तर ताण सुरुवातीचा आहे. टाळीनेही मासे हलत नसतील, तर त्या दिवशी जाळे मुळीच टाकू नये आणि लगेच पंप सुरू करावा. तळ्याचेच पाणी उचलून भोके पाडलेल्या पाइपमधून उंचावरून फवारल्यासारखे परत सोडले, तरी चांगला फरक पडतो. मासे काढायच्या आदल्या रात्री असा पंप किंवा एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवावा. शेतीची वीज पाळीने येते, हे लक्षात घेऊन डिझेल पंप तयार ठेवलेला बरा.

मासे काढण्याच्या आधी एक दिवस खाद्य बंद ठेवावे, म्हणजे पोट रिकामे राहून मासळी टिकते. ओढजाळ्याचा आस (जाळीचे भोक) मोठा असावा, जेणेकरून लहान मासे आपोआप निसटतील. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी दबून जाळ्याखालून निघून जातात, त्यामुळे खालचा दोर तळाला टेकलेला राहील याची काळजी घ्यावी. प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात मात्र धारदार वजने लावू नयेत. मातीच्या तळ्यात दोनपेक्षा जास्त ओढी घेऊ नयेत, कारण तळाचा काळा गाळ ढवळला की उरलेल्या माशांना धोका होतो. अस्तराचा उतार ओला झाल्यावर अतिशय निसरडा होतो आणि माणूस आत पडला तर त्याला वर येता येत नाही. गाठी मारलेला दोर चारही बाजूंनी बांधलेला असल्याशिवाय आणि काठावर दुसरा माणूस असल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये.

काढलेली मासळी स्वच्छ पाण्याने धुऊन ताबडतोब सावलीत न्यावी. उन्हाळ्यात मासळीइतकाच बर्फ लागतो, म्हणून एक किलोला एक किलो असा हिशेब धरावा. बर्फ फोडून थर्माकोलच्या पेटीत तळाला, मधे आणि वर असे थर द्यावेत आणि वितळलेले पाणी निघून जाण्यासाठी खाली भोक ठेवावे. गिऱ्हाईक कल्ला उचलून पाहते. तो लालभडक दिसला तरच भाव मिळतो.

तळ्यात राहिलेल्या माशांचे खाद्य, पेंड असो वा भाताचा कोंडा, कडक उन्हाच्या दिवसांत निम्म्यावर आणावे आणि ऊन वर आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास द्यावे. पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवून पाहावा. तळवा त्याआधीच दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झाले आहे असे समजून शेणखत थांबवावे. विहिरीचे पाणी सोडताना ते उंचावरून पडू द्यावे, आणि दुपारी उन्हात तापलेल्या काळ्या पाइपमधले पहिले पाणी तळ्यात न सोडता बाहेर काढून द्यावे, कारण ते हाताला चटका बसण्याइतके गरम असते.

वळवाच्या पहिल्या सरीने जिवाला हायसे वाटते, पण तळ्यासाठी तीच रात्र जोखमीची असते. वरचे पाणी थंड होऊन खाली जाते, तळाचे ऑक्सिजन नसलेले पाणी वर येते आणि सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. ढग दाटून आले की त्या दिवशी खाद्य देऊ नये. ढगांचा गडगडाट ऐकू येताच पाण्यातून आणि काठावरून बाजूला व्हावे, आणि वादळ ओसरल्यावर उजाडेपर्यंत पंप चालू ठेवावा. मेलेले मासे लगेच वेचून चुना टाकून पुरावेत.