तातडीने रुग्णालय गाठावे की थांबावे, हे कसे ठरवावे

किती दुखते आहे यावरून तातडी ठरवू नये. दाढदुखीने माणूस रात्रभर तळमळतो पण बहुधा जिवावर बेतत नाही, उलट पक्षाघाताच्या झटक्यात अनेकदा काहीच दुखत नाही. म्हणून आधी तीन गोष्टी पाहाव्यात: हाक मारल्यावर रुग्ण ओ देतो का, एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकतो का, आणि जखम घट्ट दाबून धरल्यावर रक्त थांबते का. यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढे काही न तपासता रुग्णवाहिका बोलवावी.

एवढे ठीक असल्यास चेहऱ्याकडे पाहावे. रुग्णाला हसायला, दोन्ही हात समोर उचलून धरायला आणि एखादे साधे वाक्य म्हणायला सांगावे. ओठांचा एक कोपरा ओघळला, एक हात आपोआप खाली आला किंवा जीभ जड झाली, तर पक्षाघात समजूनच निघावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या 4.5 तासांतच देतात, आणि हे तास लक्षणे लक्षात आल्यापासून नव्हे, तर रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. ती वेळ कागदावर लिहून न्यावी. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले तरी जावेच, कारण मोठ्या झटक्याची ती पूर्वसूचना असू शकते. तोवर पाणीही पाजू नये. गिळता आले नाही तर ते श्वासनलिकेत जाते.

छातीच्या दुखण्यात घात करते ते ‘ॲसिडिटी असेल’ हे वाक्य. छातीवर ओझे ठेवल्यासारखा दाब, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ आणि दरदरून घाम, हे ओळखीचे चित्र. मात्र मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात नुसती धाप, मळमळ किंवा अचानक आलेला गळाठाही हृदयविकाराचाच असू शकतो. अशा वेळी रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये.

तीन महिन्यांहून लहान बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, 5 मिनिटांहून लांबलेली आकडी, ओठ वा जीभ सुजून घुसमटणे, डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या, यांतही वाट पाहू नये.

फोनवर आधी पत्ता सांगावा, मग लक्षणे, आणि पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नये. औषधांची नावे आठवत बसण्यापेक्षा पाकिटेच पिशवीत टाकावीत. त्यांत रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर पोहोचताच सर्वांत आधी तेच सांगावे.