अडीच एमएमची वायर आणि वेस माँटगोमेरीचा अंगठा : स्पीकर केबल घरच्या घरी कशी करायची

जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, वापरायचाच नाही, उजव्या हाताच्या अंगठ्याने वाजवायचा, आणि अंगठ्याचं ते मांस तारेवरून घसरतं तेव्हा जो गोल, उबदार आवाज निघतो ना तो माझ्या ठाण्याच्या घरात जसाच्या तसा यावा एवढ्यासाठी मी स्टिरिओवर इतकी वर्षं वेळ आणि पैसा घालतोय. ओळखीतले पाच-सहा जण हल्ली एकच प्रश्न विचारतात, अँप (अँप्लिफायर) घेतला, स्पीकर घेतले, आता दोन्ही जोडायला केबल कुठली घेऊ, दुकानदार म्हणतोय निदान तीस-चाळीस हजारांची घ्या नाहीतर स्पीकर खुलणार नाहीत. प्रत्येकाला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढतो.

माझं म्हणणं सरळ आहे. स्पीकरची वायर शुद्ध तांब्याची हवी, पुरेशी जाड हवी, दोन्ही टोकांना घट्ट बसलेली हवी. हे तीन झालं की वायरचं काम झालं, उरलेले पैसे रेकॉर्डवर घाला आणि उरलेली मेहनत खोलीवर.

जाडीचं आधी बघू कारण खरा फरक इथेच पडतो. अडीच एमएमच्या, म्हणजे अडीच स्क्वेअर एमएमच्या मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला जास्तीत जास्त ७.९८ ओहम असतो. अँपपासून स्पीकर ४ मीटरवर असेल तर करंटला जाऊन परत यायचं असतं म्हणून ८ मीटर धरा, म्हणजे ०.०६४ ओहम. स्पीकर ८ ओहमचा म्हणतात खरा पण त्याचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली होतो, कुठे ४ होतो कुठे २० होतो, आणि वायरचा रेझिस्टन्स मध्ये आला की जिथे ४ आहे तिथे आवाज जरा जास्त दबतो, २० आहे तिथे अगदी थोडा दबतो. अडीच एमएमला हा फरक साधारण ०.१ डेसिबल येतो, तो कुणालाच ऐकू येणार नाही. पण बऱ्याच सिस्टिमच्या खोक्यात फुकट येते ती बारीक वायर, अर्धा एमएमची, तिचा रेझिस्टन्स तेवढ्याच अंतराला ०.३१ ओहम होतो आणि फरक अर्ध्या डेसिबलपर्यंत जातो. हा कान असलेल्या माणसाला जाणवू शकतो. म्हणून कुणी म्हणालं की महाग केबल लावली आणि आवाज बदलला तर मी त्याला खोटं पाडत नाही, आधी विचारतो की त्याच्या आधी काय लावलं होतंस. बहुतेक वेळा उत्तर तीच बारीक वायर असतं, आणि तो बदल अडीच एमएमनेही झाला असता.

वायर लांब जाणार असेल, समजा भिंतीच्या कडेकडेने फिरवून १० मीटर, तर चार एमएम घ्या. ४ मीटरच्या आत दीड एमएमही चालून जाते पण दोन्हीत पैशांचा फरक इतका कमी आहे की अडीचच घ्यावी.

आता खरेदी. ठाण्यात जांभळी नाक्याकडे किंवा स्टेशनच्या आसपास, वाशी-कोपरखैरण्यात कुठल्याही सेक्टरच्या मार्केटमध्ये इलेक्ट्रिकचं दुकान असतंच, तिथे जाऊन म्हणायचं, अडीच एमएम फ्लेक्सिबल, कॉपर, लाल आणि काळी, मीटरवर द्या. ९० मीटरचं अख्खं बंडल घ्यायची गरज नाही, बरेच जण सुटी कापून देतात. दोन स्पीकरना ४-४ मीटर म्हणजे लाल ८ मीटर आणि काळी ८ मीटर, वर अर्धा-अर्धा मीटर जादा घ्या कारण मोजताना नेहमी कमीच पडते. घरातल्या पॉइंटना घालतात तीच ही वायर. चांदीच्या वायरीबद्दल विचारतात लोक, तर चांदी तांब्यापेक्षा जेमतेम ६ टक्के चांगली वाहक आहे, तेवढा फायदा तांब्याची वायर जराशी जाड घेतली की मिळतो.

एक गोष्ट मात्र बारकाईने बघा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी चकचकीत पारदर्शक स्पीकर वायर कित्येकदा आतून अ‍ॅल्युमिनियमची असते, वर नुसता तांब्याचा मुलामा. एक बारीक तार घेऊन ब्लेडने खरवडायची, वरून तांबडी आणि आतून पांढरी दिसली की परत करायची. उलट वरून पांढरी आणि आत तांबडी असेल तर ती कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर, ती चांगली. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्केच वीज वाहतं, शिवाय दोनदा वाकवलं की तुटतं.

बनाना प्लग, म्हणजे वायरच्या टोकाला लावून टर्मिनलमध्ये खुपसायचे प्लग, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेतलेले बरे, हातात धरून बघता येतात. ठाण्याहून दादरला उतरून वेस्टर्नने ग्रँट रोड, तिथून चालत. स्क्रूने आवळायचे, पितळेचे, जरा वजनदार बघून घ्या, सोन्याचा मुलामा असला तर उत्तम कारण तो काळा पडत नाही. प्लग नकोच असतील तर उघडी वायर टर्मिनलमध्ये आवळूनही आवाज तितकाच चांगला येतो, फक्त सारखी काढायची-घालायची असेल तर प्लग सोयीचे.

करायचं असं. लाल आणि काळी शेजारी धरून एकमेकींवर सैलसर पीळ द्या, आंबाडा घालायला पेड घेतो तसा, फार घट्ट नको. दोन्ही स्पीकरच्या वायरी साधारण सारख्या लांबीच्या ठेवा, पण इंचाइंचाचा हिशेब नको, सिग्नलला एक मीटर जायला काही नॅनोसेकंद लागतात. टोकाचं प्लॅस्टिक १२-१५ मिलिमीटर सोला, शक्यतो स्ट्रिपरने, ब्लेडने करताना आतल्या बारीक तारा कापल्या जातात. तारा बोटांनी पिळून एकजीव करा आणि एकही केसाएवढी तार बाहेर राहिलेली नाही ना हे उजेडात बघा. लालची एक सुटी तार काळ्याला चिकटली तर अँपचं आउटपुट जाऊ शकतं, बाकी काही चुकलं तरी आवाज बिघडेल पण इथे चुकलं तर मशीन जाईल, म्हणून हे दोनदा तपासा. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर भरू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांनी स्क्रू ढिला झालेला सापडतो. जोडताना अँप बंद, स्विच बोर्डावरूनच.

जोडल्यावर लाल-काळं बरोबर आहे ना याची खात्री करा. अँपकडची टोकं काढून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा, प्लस लालला. वूफरचा (स्पीकरमधल्या मोठ्या गोलाचा) कोन, म्हणजे हलणारा पडदा, बाहेर आला तर बरोबर. दोन्ही स्पीकरचे कोन एकाच बाजूला हलले पाहिजेत. एक उलटा लागला तर बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, पातळ होतो आणि मधोमध येणारी गिटार कुठून येतेय तेच कळत नाही, सगळीकडून येते. मी दोन घरांमध्ये हे बघितलंय, दोघंही महागडी केबल घ्यायच्या बेतात होते, आणि दोष निघाला एका उलट्या जोडाचा.

आता खोली, कारण मला स्वतःला सगळ्यात मोठा धडा इथे मिळाला. आमचा हॉल १० बाय १२ फुटांचा. डबल बेस (जॅझमधलं खर्जाचं मोठं तंतुवाद्य) ए सुरावर आला की सगळं घुमायचं, आणि गिटारची पाचवी तार मोकळी वाजली की तेच, बाकीचे सूर ठीक. एका विक्रेत्याने सांगितलं केबल बदला, बेस आवळला जाईल. बदलली, घरी आणून आठवडाभर ऐकली, घुमणं तसंच, परत केली. मग हिशेब केला. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, समोरासमोरच्या दोन भिंतींत १० फूट असतील तर ११३० भागिले २० म्हणजे ५६ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच गुणगुणते, आणि त्याच्या दुपटीला, ११३ ला परत. डबल बेसचा मोकळा ए ५५ हर्ट्झ, गिटारचा मोकळा ए ११० हर्ट्झ! दोन्ही बरोबर खोलीच्या सुरावर बसत होते. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला, कारण याला उपाय फुकट होता. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता आणि भिंतीशी हे सगळे सूर सर्वांत जोरात असतात. ऐकताना सोफ्यावर न बसता खुर्ची भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढे घेतली, कारण १० फुटांच्या खोलीत ११३ चा सूर भिंतीपासून अडीच फुटांवर सर्वांत दबतो. स्पीकरही मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे आणले. घुमणं पूर्ण गेलं नाही पण इतकं कमी झालं की बेसचे सूर एकेक मोजता यायला लागले. तुमची खोली मोजा, ११३० ला लांबीच्या दुपटीने भागा, आणि तो आकडा तुमच्या तारांशी ताडून बघा. गिटारची सर्वांत जाड तार ८२.४, मग ११०, मग १४७.

आणि तरी मनात राहिलंच की महाग केबल एकदा ऐकावी, तर जरूर ऐका, पण नीट ऐका. नेरुळच्या माझ्या मित्राकडे खरोखर सुंदर बनवलेली, लाखाच्या घरातली केबल आहे. एका रविवारी आम्ही ती आणि माझी अडीच एमएम त्याच्याकडे समोरासमोर लावून पाहिली. स्पीकरच्या मागे चादर टाकली, वहिनी बदलणार, आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन थांबणार, कुठली लावायची ते त्यांनी नाणं उडवून ठरवायचं आणि कागदावर लिहायचं. व्हॉल्यूमला कुणी हात लावायचा नाही, आणि १०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजायचं, दोन्ही केबलना एका टक्क्याच्या आत सारखं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण अगदी थोडा मोठा आवाजही कानाला जास्त चांगला वाटतो, मोठा वाटत नाही. दहा फेऱ्या केल्या. दहापैकी नऊ बरोबर आले असते तर मी मानलं असतं, नुसत्या अंदाजाने नऊ किंवा दहा बरोबर यायची शक्यता फक्त एक टक्का असते. त्याचे सहा आले, माझे पाच. मित्राने केबल ठेवली आहे, त्याला तिची कारागिरी आवडते आणि त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मात्र त्याने दुसऱ्या सिस्टिमसाठी माझ्याकडून अडीच एमएमची जोडी करून घेतली.

टेस्टला काय लावायचं ते सांगतो, कारण कुठल्याही गाण्यावर हे जमत नाही. जो पासचा १९७३ चा व्हर्च्युओसो हा अल्बम घ्या, एकटी गिटार, लपायला जागाच नाही, मधोमध एका जागी उभी राहिली पाहिजे. मग जिम हॉल आणि बिल एव्हान्सचा १९६२ चा अंडरकरंट, फक्त गिटार आणि पियानो, दोघं कधी एकाच पट्टीत इतके जवळ येतात की सिस्टिम गोंधळली तर लगेच कळतं. केनी बरेलचा १९६३ चा मिडनाइट ब्लू, त्यात पियानोच नाही म्हणून गिटारभोवती मोकळी हवा आहे, तिथे मेजर हॉलीचा बेस ऐका आणि वर सांगितलेला खोलीचा हिशेब आठवा. शेवटी वेस, रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीचा १९६० चा. ऑक्टेव्ह सुरू झाले की डोळे मिटायचे, दोन तारांवर एकच सूर खाली-वर, अंगठा तोच. रात्री अकरानंतर ऐका, घोडबंदरची वाहतूक जरा बसते, आणि मे महिना नसेल तर पंखा बंद करा, पंख्याच्या घरघरीखाली जे बुडतं ते कुठलीही केबल वर आणू शकत नाही.

राहता राहिला पावसाळा. आपल्याकडे खाडीची दमट हवा, तांब्याचा तांब्या चार दिवसांत काळवंडतो तशीच उघडी वायरही काळी पडते, ऐरोली-वाशीला खाडीलगत राहणाऱ्यांना हे जास्त जाणवेल. चिंच-मीठ लावायचं नाही, टोक अर्धा इंच कापून नवीन सोलायचं, म्हणूनच सुरुवातीला अर्धा मीटर जादा घ्या म्हटलं. जूनच्या आधी एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा सगळे स्क्रू आवळून घ्या. मी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी करतो, दहा दिवसांच्या ताशांनंतर घरात पहिल्यांदा शांतता असते आणि आवळून झालं की वेस लावतो.