मोल प्रवाहाचं एकक बदलताना

मोल प्रवाह म्हणजे ठरावीक वेळात किती मोल पदार्थ वाहतो ते. किलोमोल प्रति तासाचे मोल प्रति सेकंद करायचे तर ३.६ ने भागा, बस्स. १००० ने गुणणं आणि ३६०० ने भागणं त्यातच आलं. ९० किलोमोल प्रति तास म्हणजे २५ मोल प्रति सेकंद.

खरी फसगत पाउंड-मोलमध्ये होते. एक पाउंड-मोल म्हणजे ४५३.५९ मोल, त्यामुळे १०० पाउंड-मोल प्रति तास म्हणजे ४५.३६ किलोमोल प्रति तास. रेणुभाराच्या आकड्याला मात्र हात लावू नका! पाण्याचे १८ ग्रॅम प्रति मोल, तेच १८ पाउंड प्रति पाउंड-मोल. तिथेही ४५३.५९ लावून मोकळे होणारे पुष्कळ. पाउंड-मोलवरून किलोमोलवर येताना आकडा निम्म्याहून कमी व्हायलाच हवा. वाढला, तर ०.४५३६ ने गुणायच्या ऐवजी भागलंय.